बत्तीस आऱ्यांचं गाव

जुन्या बाजारात रविवारी
सायकलचं पुढचं चाक मिळालं ऐंशी रुपयांना.
नीलोफरनं साठला मागितलं होतं.
म्हातारा म्हणाला, आरे मोजून घ्या, बत्तीस पूर्ण आहेत.
आम्ही मोजले. तीस भरले.
"दोन अवकाशात गेले," ओजस म्हणाला.
म्हातारा हसला,
पण दहा रुपये काही सोडले नाहीत.

हेच आमचं गाव:
धावेच्या आतल्या बाजूनं जमीन,
आस म्हणजे आकाश.
सगळ्यांचे पाय बाहेर, डोकी मधोमध रोखलेली.
समोरच्या घरातला माणूस
आपल्या डोक्यावर उलटा उभा राहून दात घासणार.

तपकीर गल्लीतून आणलेली मोटर
कुठल्या तरी कूलरची, जरा खोकणारी.
माणसं म्हणून मोहरी.
मूठभर सोडली आणि बटण दाबलं
तर दाणे आधी भांबावले,
मग एकेक करून जमिनीला टेकले
आणि तिथंच राहिले.
वजन या गोष्टीवर त्या दिवशी
माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

मग चिठ्ठ्या लावल्या, बारीक अक्षरात.
शाळा. शेत. दवाखाना. प्राणवायू.
क्रिकेटला जागा सोडली,
तिथं सरळ टाकलेला चेंडू किती वळेल
यावर दोन संध्याकाळी गेल्या.
काळे सर मागून म्हणाले, कचऱ्याचं काय?
ओजसनं बाटलीचं निळं झाकण दाखवलं:
"इथून बाहेर."

बाहेर.
किती सहज म्हणाला.
त्याचं घर कर्वेनगरला. तिथं सकाळी
दारात ठेवलेली बादली
दुपारी रिकामी सापडते.
मी फुरसुंगीची.
शहराचं बाहेर म्हणजे
आमच्या मळ्यामागचा डोंगर.
लहानपणी मला वाटायचं,
सगळ्याच डोंगरांवर घारी अशा घिरट्या घालतात,
सगळेच डोंगर रात्री धुमसतात.
सहलीला सिंहगडावर गेलो तेव्हा
मी धूर शोधत होते.

हे कुणाला सांगितलं नाही.
एवढंच म्हणाले, बाहेर सोडलेलं फिरत फिरत
कधीतरी आपल्याच खिडकीवर येऊन आपटेल.
भौतिकशास्त्र म्हणून ते सगळ्यांना पटलं.

शाळा आणि शेताच्या मधे,
जिथं दोन आरे नव्हते,
एक खोली बसवली.
दादांनी मळ्यातली काळी माती दिली,
मूठभर, आणि तिच्यात एक गांडूळ.
चिठ्ठीवर काय लिहावं यावर भांडण झालं.
खत विभाग? पुनर्वापर केंद्र?
शेवटी ती कोरीच राहिली.

प्रदर्शनात परीक्षक बाई चष्मा वर करून वाकल्या.
"हे हलतंय?"
"हो," नीलोफर म्हणाली, "बाकी सगळी मोहरी आहे.
खरा रहिवासी हा एकटाच."
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
बक्षीस मिळालं एका रोबोला,
तो चहा द्यायचा, निम्मा सांडायचा.

गाडीतळावरून रात्रीची बस.
चाक ओजसच्या गच्चीत गेलं,
माझ्या मांडीवर डबा,
झाकणाला सुईनं पाडलेली भोकं.
भेकराईनगर मागं पडलं तशा
खिडक्या एकामागून एक सरकल्या,
कुणी कुणाला न सांगता.
कंडक्टर म्हणाला, डब्यात काय?
"अंतराळवीर आहे."
त्यानं भोकाला डोळा लावला, बराच वेळ.
"परत आलाय का निघालाय?"

मला नीट सांगता येईना.
एक फुरसुंगी द्या, म्हणाले,
आणि माझी खिडकी
होती तशी राहू दिली.